पुढे द्या

तिसऱ्या पानावरून मागे दुसऱ्या पानावर गेलं
की रक्तगट पुसला जातो.
रुखसाना तांबोळीनं एवढंच लिहिलंय.
खाली नोंद: पाचदा करून पाहिलं. पाचही वेळा.
ती उद्गारचिन्ह कधी वापरत नाही,
तिचा पूर्णविराम पुरतो.

बाणेर, पाचवा मजला, रात्रीचे पावणेनऊ.
चहाचं मशीन ‘पाणी भरा’ म्हणत लाल मिचकावतंय
आणि मी शोधतेय
एका चौकोनात भरलेलं ‘बी पॉझिटिव्ह’
नेमकं कुणाच्या हातून सुटलं.

फॉर्म इस्पितळाचा.
सगळ्यात वर पालक घटक,
त्याच्या पोटात पानं, पानांत विभाग, विभागांत ओळी,
ओळीच्या टोकाला चौकोन,
चौकोनात लुकलुकणारी उभी रेघ.
वरून खाली येते ती माहिती.
खालून वर जाते ती नुसती हाक:
बदललं हो!
चौकोनानं स्वतःजवळ काही ठेवायचं नाही.
तुम्ही दाबलेलं अक्षरसुद्धा आधी वर जातं,
वरच्यानं मान डोलावली की खाली येतं,
मग दिसतं.
तुम्हाला वाटतं, आपण लिहिलं.

हे मी कॉलेजात नाही शिकले.
सातवीच्या सुट्टीत शिकले,
कात्रज–शिवाजीनगर गाडीत
अण्णांच्या रिकाम्या सीटवर बसून.
अण्णा गर्दीत कुठंतरी पुढं अडकलेले,
नुसता तिकिटांच्या पेटीवर पंच आपटल्याचा टकटक आवाज.
मागून पाचाची नोट निघायची,
पुढे द्या, एक मंडई.
पुढे द्या, एक मंडई.
घामट हात, मेंदीचा हात,
एक बोट नसलेला हात,
डब्याची पिशवी सावरत कसाबसा मोकळा केलेला हात.
त्यातल्या कुणालाच मंडईत उतरायचं नसे.
आणि त्याच वाटेनं उलट
तिकीट, वर एक रुपया सुटा.

एकदा तो रुपया वाटेत हरवला.
स्वारगेटला एक बाई भांडत भांडत उतरल्या.
अण्णांनी खिशातून दिला.
रात्री डेपोत वेबिल जुळलं,
खिसा नाही जुळला.
घरी येताना म्हणाले,
हिशेब एकाच जागी असावा, पोरी.
दोन जागी ठेवला की दोन्ही खरे वाटतात.

सव्वानऊ.
सापडलं.
मधल्या ‘वैद्यकीय माहिती’नं
रक्तगटाची एक नक्कल स्वतःच्या खिशात घातलीय.
सोयीसाठी, असं शेजारी लिहिलंय.
पान उलटलं की तो विभाग मरतो,
खिशासकट.
कोणी लिहिलं हे, म्हणून इतिहास उघडला.
मार्च महिना, शुक्रवार, माझंच नाव.

रक्तगट उचलून वर ठेवला.
निनाद गाडगीळ मागे उभा राहून म्हणाला,
मधल्या सहा जणांना कशाला राबवतेस,
एक सामायिक कोठी कर,
ज्याला हवं तो सरळ तिथून घेईल.
बरोबरच आहे त्याचं.
एक्केचाळीस ओळी गेल्या.
मधले सहा जण मोकळे झाले,
आता त्यांना कळतसुद्धा नाही
की त्यांच्या अंगावरून कुणाचं रक्त गेलं.

रुखसाना: पास.
पूर्णविरामासकट.

शेवटच्या गाडीत खिडकीशी क्यूआरचा कागद,
त्याचा एक कोपरा कुणीतरी कुरतडलेला.
युनिव्हर्सिटी चौकात नेटवर्क गेलं
आणि मागून खांद्यावर दोन बोटं टेकली.
वीसची नोट, चौघडी, कोथिंबिरीचा वास.
पुढे द्या हो.
मी दिली.
पुढच्यानं घेतली, वळून म्हणाला,
कुठलं?

कुठलं ते मी विचारलंच नव्हतं.
थांबा, म्हटलं,
मागं विचारते.